गृहसंगणकाची मंदगती

गृहसंगणकाची मंदगती : घरगुती वापराच्या संगणकावर निरनिराळे सॉफ्टवेअर बसवीत गेल्यावर कालांतराने त्याचा प्रतिसाद मंदावणे. संगणक सुरू होण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागणे, फाइल किंवा महाजालावरील पृष्ठ उघडताना खोळंबा होणे, टंकलिखित अक्षरे पडद्यावर उशिरा उमटणे ही तिची नेहमीची लक्षणे होत. यंत्राचा एकही भाग बिघडलेला नसताना हे घडू शकते. त्यामुळे यंत्र जुने झाले असे समजून चांगला संगणक निकालात काढला जातो किंवा वेग वाढवून देण्याचे आश्वासन देणारे आणखी एक सॉफ्टवेअर बसवून मूळच्या भारात भर घातली जाते. वास्तविक डिस्कवर नुसते साठविलेले सॉफ्टवेअर संगणकाचा वेग सहसा कमी करीत नाही. वेग कमी होतो तो चालू असलेल्या सॉफ्टवेअरमुळे आणि त्यातही बहुधा वापरणाऱ्याच्या नकळत चालू असलेल्या सॉफ्टवेअरमुळे. म्हणून संगणकावर किती आज्ञावल्या आहेत, यापेक्षा त्यांपैकी कोणती, केव्हा व संगणकाच्या कोणत्या साधनावर भार टाकते, हे शोधून काढणे हा निदानाचा गाभा होय. प्रस्तुत नोंदीत हे विवेचन मुख्यतः विंडोज या परिचालन प्रणालीच्या (ज्या मूलभूत आज्ञावलीसंचाद्वारे संगणकाचे सर्व भाग चालविले जातात त्याच्या) संदर्भात केले आहे. तथापि त्यातील तत्त्वे इतर प्रणालींनाही लागू पडतात. [⟶ संगणक].

मंदगतीचे मापन : ‘संगणक मंद झाला’ हे विधान निदानास पुरेसे नाही. मनुष्याला जाणवणारा विलंब व यंत्राने प्रत्यक्ष घेतलेला वेळ या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मनुष्य व संगणक यांच्या संवादातील प्रतिसादकालाचा विचार मांडला. त्याच्या आधारे जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा रूढ केल्या. सु. ०·१ सेकंदापर्यंतचा प्रतिसाद तात्काळ वाटतो; सु. १ सेकंदापर्यंत विलंब जाणवला, तरी विचाराची संगती तुटत नाही, सु. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे वळते. यावरून असे दिसते की, एखाद्या क्रियेचा काळ ०·१ सेकंदावरून १ सेकंदावर गेला, तरी वापरणाऱ्याला संगणकाचा स्वभावच पालटल्यासारखे वाटते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे तक्रारीला आकड्याचे रूप देणे. वीजकळ दाबल्यापासून संगणक वापरण्याजोगा होईपर्यंतचा काळ, नेहमीची एखादी फाइल उघडण्यास लागणारा काळ इ. दोन-तीन क्रियांचे काळ घड्याळ लावून टिपून ठेवावे लागतात. अशी पूर्वनोंद नसेल, तर पुढे केलेल्या कोणत्याही बदलाचा खरोखर उपयोग झाला की नाही, हे ठरविता येत नाही. कारण नुकत्याच ‘दुरुस्त’ केलेल्या यंत्राचा वेग वाढल्याचा भास होणे अगदी साहजिक असते. मंदगती सतत आहे, केवळ सुरुवातीस आहे, ठराविक वेळी येते की तासन्‌तास वापरानंतर वाढत जाते, हेही टिपणे आवश्यक असते. या प्रत्येक प्रकारामागील कारण बहुधा वेगळे असते.

संगणकाची साधने व अडथळा : संगणकात चालू असलेली प्रत्येक आज्ञावली चार साधने वापरते : (१) आकडेमोड करणारा प्रोसेसर, (२) तात्पुरती माहिती ठेवणारी मुख्य स्मृती म्हणजेच रॅम, (३) कायमची माहिती साठविणारी डिस्क आणि (४) महाजालाची जोडणी. यांपैकी जे साधन सर्वांत आधी अपुरे पडते, ते संपूर्ण यंत्राचा वेग ठरविते. अरुंद गळ्याच्या घागरीतून पाणी ओतताना घागरीच्या पोटाचा विस्तार उपयोगी पडत नाही, तसेच हे आहे. प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी तो डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत असेल, तर त्याचा वेग व्यर्थ जातो.

या साधनांच्या वेगांत प्रचंड तफावत आहे. मुख्य स्मृतीतील माहिती मिळण्यास सु. १०० नॅनोसेकंद (१ नॅनोसेकंद = १०<sup>-९</sup> सेकंद) लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय हार्ड डिस्कच्या एका फेऱ्यास ८·३ मिलिसेकंद लागतात. वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास सु. ८ ते ९ व हवा असलेला भाग शीर्षाखाली येण्यास सरासरीने सु. ४ मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या ठिकाणची माहिती अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वेळा वाचू शकते. समजा, संगणक सुरू होताना निरनिराळ्या आज्ञावल्यांना मिळून अशी ८,००० वाचने करावी लागली, तर त्यांतच दीड मिनिटाहून अधिक काळ जाईल. फिरणारा भाग नसलेल्या, अर्धसंवाहकांवर आधारित डिस्कला म्हणजे एसएसडीला प्रत्येक वाचनास सु. ०·१ मिलिसेकंद धरल्यास हेच काम एका सेकंदाच्या आत होते. चुंबकीय डिस्क असलेल्या जुन्या संगणकांवर सुरुवातीची मंदगती इतकी का जाणवते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मुख्य स्मृती अपुरी पडली म्हणजे मंदगतीचा सर्वांत तीव्र प्रकार उद्‌भवतो. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात तयार झालेल्या व १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात स्मृतीचे लहान लहान समान भाग पाडून, तत्काळ न लागणारे भाग संथ साठ्यात ठेवण्याची व लागतील तेव्हा परत आणण्याची योजना होती. हीच आभासी स्मृती होय. आजचा प्रत्येक गृहसंगणक तिचा उपयोग करतो. परंतु एकाच वेळी चालू असलेल्या आज्ञावल्यांना खरोखर लागणारी स्मृती उपलब्ध स्मृतीपेक्षा अधिक झाली की, एकीचे भाग आत आणण्यासाठी दुसरीचे बाहेर टाकावे लागतात आणि लगेच तेच पुन्हा आत आणावे लागतात. संगणक मग उपयुक्त काम सोडून ही ने-आण करण्यातच गुंततो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर जे. डेनिंग यांनी १९६८ मध्ये या घटनेची मीमांसा केली व प्रत्येक आज्ञावलीला त्या-त्या काळी लागणाऱ्या स्मृतिभागांच्या संचाची संकल्पना मांडली. अशा अवस्थेत प्रोसेसर जवळजवळ रिकामा दिसतो, डिस्क मात्र सतत व्यग्र असते. निदानाच्या दृष्टीने ही महत्त्वाची खूण आहे.

किरकोळ भारामुळे एकाएकी मंदगती का येते, याचे स्पष्टीकरण प्रतीक्षा रांगांच्या गणिती सिद्धांतावरून मिळते. या सिद्धांताचा पाया डेन्मार्कचे गणितज्ञ आगनर क्रारूप अर्लांग यांनी दूरध्वनींच्या वाहतुकीच्या अभ्यासातून १९०९ मध्ये घातला. कामे यदृच्छेने येत असतील, तर त्यातील साध्या प्रतिकृतीनुसार साधन ५०% व्यग्र असताना एका कामाला, साधन पूर्ण मोकळे असतानाच्या दुप्पट काळ लागतो. ८०% व्यग्र असताना पाचपट व ९०% व्यग्र असताना दहापट काळ लागतो. म्हणजे पहिल्या अनेक आज्ञावल्यांचा भार जाणवतही नाही आणि शेवटची लहानशी आज्ञावली मात्र संगणक ठप्प करते. ‘हे सॉफ्टवेअर बसविले आणि संगणक मंद झाला’ ही तक्रार त्यामुळे खरी असते. पण दोष एकट्या त्याच सॉफ्टवेअरचा असतोच असे नाही.

सॉफ्टवेअर बसविल्याने होणारे बदल : डॉस प्रणालीच्या काळात, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, वापरण्यास मिळणारी मुख्य स्मृती ६४० किलोबाइटपर्यंत मर्यादित होती आणि एका वेळी साधारणतः एकच आज्ञावली चाले. तरीही बोर्लंड कंपनीच्या साइडकिक (१९८४) सारख्या काही आज्ञावल्या काम संपल्यावरही स्मृतीत ठाण मांडून राहत व कळ दाबताच पुढे येत. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या आजच्या आज्ञावल्यांचे हे पूर्वरूप म्हणता येईल. विंडोज ३·१ (१९९२) मध्ये आपोआप सुरू व्हावयाच्या आज्ञावल्यांसाठी वेगळा गट होता. विंडोज ९५ (१९९५) पासून प्रणालीच्या मांडणीची माहिती रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती संग्रहात ठेवली जाऊ लागली व तीत नोंद करून कोणत्याही सॉफ्टवेअरला स्वतःला आपोआप सुरू करून घेणे सोपे झाले.

सॉफ्टवेअर बसविताना स्वतःच्या फाइलींखेरीज ते संगणकात पुढील प्रकारे शिरकाव करू शकते : (१) प्रारंभनोंदी : वापरणाऱ्याने संगणकात प्रवेश करताच सुरू होणाऱ्या आज्ञावल्या. (२) सेवा : कोणीही प्रवेश करण्यापूर्वीच सुरू होणाऱ्या व पडद्यावर न दिसणाऱ्या आज्ञावल्या. (३) नियोजित कामे : ठराविक वेळी किंवा ठराविक घटनेनंतर चालणारी कामे, नवी आवृत्ती आली आहे का, हे पाहणाऱ्या आज्ञावल्या बहुधा येथे असतात. (४) विस्तार : फाइलींच्या यादीत किंवा ब्राउझरमध्ये जोडले जाणारे तुकडे. माउसची उजवी कळ दाबल्यावर यादी उमटण्यास वेळ लागत असेल, तर कारण बहुधा असाच एखादा विस्तार असतो. (५) फिल्टर ड्रायव्हर : परिचालन प्रणालीच्या गाभ्यात बसून फाइल उघडण्याच्या वा संदेश पाठविण्याच्या प्रत्येक क्रियेत मध्यस्थी करणारे भाग. अँटिव्हायरस सॉफ्टवेअरला याची आवश्यकता असते. ते प्रत्येक फाइल उघडताना तपासते, म्हणून त्याचा भार इतर सर्व सॉफ्टवेअरच्या खात्यावर पडल्यासारखा दिसतो. अशी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी पहारा देत असतील, तर तीच फाइल दोनदा तपासली जाते. विंडोजबरोबर येणारे अँटिव्हायरस, दुसरे मान्य अँटिव्हायरस बसविताच स्वतःचा अखंड पहारा थांबविते, त्याचे हेही एक कारण आहे.

यांखेरीज स्वतः आज्ञावल्याही आकाराने वाढल्या आहेत. गूगलच्या क्रोम (२००८) या ब्राउझरने पृष्ठांचे काम स्वतंत्र प्रक्रियांत विभागण्याची पद्धत रूढ केली. एका पृष्ठातील बिघाड इतरांना बाधत नाही, हा तिचा लाभ. मात्र स्मृती अधिक लागते. २०१३ मध्ये विकास सुरू झालेल्या इलेक्ट्रॉन या चौकटीवर उभारलेली संदेशवहन, टिपणे इत्यादींची सॉफ्टवेअर आपल्याबरोबर ब्राउझरचे संपूर्ण यंत्र घेऊन येतात. अशी तीन-चार सॉफ्टवेअर संगणकाबरोबर आपोआप सुरू होत असतील, तर तितकेच ब्राउझर नकळत उघडून ठेवल्यासारखे होते.

निदानाची पद्धत : निदान करताना साधनापासून सुरुवात करून आज्ञावलीकडे जावे, हा मुख्य नियम आहे. संशयित सॉफ्टवेअरपासून सुरुवात केल्यास पूर्वग्रह बळावतो. ब्रेंडन ग्रेग यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक साधनाबाबत तीन प्रश्न विचारले जातात : ते किती व्यग्र आहे, त्यापुढे कामांची रांग साचली आहे काय आणि त्यात चुका होत आहेत काय? ही पद्धत मोठ्या सेवासंगणकांसाठी मांडली गेली असली, तरी गृहसंगणकासही उत्तम लागू पडते. तिच्या आधारे पुढील क्रम ठरविता येतो :

(१) मंदगती प्रत्यक्ष जाणवत असतानाच मोजमाप घेणे. नंतर घेतलेली मोजमापे दिशाभूल करतात. (२) चारांपैकी कोणते साधन अपुरे पडते, हे पाहणे. (३) ते साधन सर्वांत अधिक वापरणारी प्रक्रिया शोधणे. (४) ती प्रक्रिया कोणत्या सॉफ्टवेअरची आहे व ते कोणत्या मार्गाने सुरू झाले, हे ठरविणे. (५) ते तात्पुरते थांबवून पूर्वी टिपलेले काळ पुन्हा मोजणे. (६) ते पुन्हा सुरू करून मंदगती परत येते का, हे पाहणे. शेवटची पायरी बहुधा गाळली जाते; परंतु थांबविल्याने सुधारणा व सुरू केल्याने पुन्हा मंदगती, असे दोन्ही घडल्यावरच कारण सिद्ध झाले असे म्हणता येते. एका वेळी एकच बदल करावा. एकदम दहा बदल केल्यास संगणक कदाचित वेगवान होईल, पण कशामुळे हे कळणार नाही.

मोजमापांतून दोषी आज्ञावली उघड झाली नाही, तर अर्धविभाजनाची पद्धत वापरतात. बाहेरून बसविलेल्या सर्व सेवा व प्रारंभनोंदी प्रथम बंद करून संगणक पुन्हा सुरू करतात. मंदगती नाहीशी झाली, तर कारण त्यांतच आहे हे निश्चित होते. नाहीशी झाली नाही, तर ते अन्यत्र शोधावे लागते. त्यानंतर निम्म्या नोंदी चालू करून पाहावयाचे, दोष ज्या निम्म्यात आढळेल त्याचे पुन्हा दोन भाग पाडावयाचे, असे करीत गेल्यास ३२ नोंदींतील एक दोषी नोंद पाच चाचण्यांत सापडते. दोन सॉफ्टवेअरच्या परस्परविरोधामुळे मंदगती येत असेल, तर मात्र ही पद्धत फसते. दोन्ही निम्मे भाग वेगवेगळे निर्दोष दिसतात. असा अनुभव येणे हाच परस्परविरोधाचा पुरावा समजावा.

अशा चाचण्यांच्या वेळी संगणक बंद करून सुरू करण्याऐवजी ‘रिस्टार्ट’ करणे आवश्यक असते. विंडोज ८ (२०१२) पासून सुरुवात लवकर व्हावी म्हणून, संगणक बंद करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जतन करण्याची सोय आली. ती चालू असल्यास नेहमीप्रमाणे बंद केलेला संगणक गाभ्याच्या बाबतीत पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र होतो.

मोजमापाची साधने : विंडोज एनटी ४·० (१९९६) पासून ‘टास्क मॅनेजर’ हे साधन उपलब्ध आहे. विंडोज ८ मध्ये त्यात प्रारंभनोंदींची यादी व प्रत्येकीचा सुरुवातीवरील परिणाम दाखविण्याची सोय झाली. सुरुवातीस प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक काळ किंवा डिस्कवरील ३ मेगाबाइटांहून अधिक देवघेव लागत असल्यास परिणाम ‘उच्च’ म्हणून दाखविला जातो. ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये कोणती प्रक्रिया कोणती फाइल वाचत आहे, हे दिसते. विंडोज व्हिस्टा (२००७) पासून संगणक सुरू होण्यास लागलेला काळ घटनांच्या नोंदवहीत आपोआप टिपला जातो. ‘पूर्वी किती वेळ लागत होता’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे वापरणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

मार्क रसिनोविच व ब्राइस कॉग्झवेल यांनी १९९६ पासून तयार केलेली व पुढे सिसइंटर्नल्स या नावाने प्रसिद्ध झालेली साधने अधिक सखोल निदानास उपयोगी पडतात. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये विकत घेतली व ती विनामूल्य मिळतात. त्यांपैकी ‘ऑटोरन्स’ आपोआप सुरू होण्याचे बहुतेक सर्व मार्ग एकत्र दाखविते, ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ प्रक्रियांचा वंशवृक्ष दाखविते आणि ‘प्रोसेस मॉनिटर’ फाइल व रजिस्ट्री यांवरील प्रत्येक क्रिया काळासह टिपते. मॅकओएसमध्ये ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ व लिनक्समध्ये ‘टॉप’ ही या प्रकारची साधने होत.

दोन उदाहरणे : सॉफ्टवेअर किती खोलवर शिरकाव करू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण २००५ मधील आहे. सोनी बीएमजी या कंपनीच्या संगीताच्या काही सीडी संगणकात घातल्यावर नक्कल रोखणारे सॉफ्टवेअर बसविले जाई व ते स्वतःला प्रणालीपासून दडवून ठेवी. रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हा शोध प्रसिद्ध केला. संगीत बंद केल्यावरही या सॉफ्टवेअरची सेवा प्रोसेसरचा १ ते २% काळ घेत असल्याचे त्यांना दिसले. अधिक तपासात असे आढळले की, ती दर दोन सेकंदांनी चालू आज्ञावल्यांच्या फाइलींची तपासणी करीत होती व प्रत्येक खेपेस तीच माहिती आठ-आठ वेळा विचारीत होती. भार थोडा, परंतु अखंड व संपूर्णपणे निरर्थक होता. पुढे त्यांनी तिचे ड्रायव्हर काढून टाकले, तेव्हा सीडी चालकच प्रणालीतून दिसेनासा झाला. कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये या सीडी परत मागविल्या. फाइली हाताने पुसून सॉफ्टवेअर ‘काढणे’ का धोक्याचे असते, हेही या प्रकरणावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण मोजमापाचे महत्त्व दाखविते. ग्रँड थेफ्ट ऑटो या खेळाची महाजालावरील आवृत्ती सुरू होण्यास अनेक संगणकांवर कित्येक मिनिटे लागत व त्याचे कारण संथ महाजाल किंवा जुने यंत्र असे मानले जाई. २०२१ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका आज्ञावलीकाराने आपल्या संगणकावर मोजमाप केले, तेव्हा डिस्क, स्मृती व महाजाल ही तिन्ही साधने जवळजवळ स्वस्थ असल्याचे व प्रोसेसरचा एकच गाभा पूर्णपणे गुंतल्याचे आढळले. सु. १० मेगाबाइटांची एक यादी वाचताना खेळाची आज्ञावली प्रत्येक नोंदीसाठी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी पुन्हा पुन्हा मोजत होती. हा दोष दूर केल्यावर त्याच्या संगणकावरील काळ सु. ७०% नी घटला. निर्मात्या कंपनीने मार्च २०२१ मध्ये ही सुधारणा स्वीकारली. अशा वेळी नवा संगणक घेऊनही फारसा लाभ झाला नसता.

फसवी लक्षणे : मोजमापांचा अर्थ लावताना काही चुका नेहमी होतात. आठ गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये एक गाभा पूर्ण व्यग्र असला, तरी एकूण आकडा सु. १२·५% एवढाच दिसतो व प्रोसेसर निर्दोष ठरविला जातो. मुख्य स्मृती ‘भरलेली’ दिसणे हाही स्वतः दोष नव्हे. परिचालन प्रणाली रिकाम्या स्मृतीत डिस्कवरील माहितीच्या प्रती ठेवते व गरज पडताच ती जागा मोकळी करते. स्मृती ‘मोकळी करून देणारी’ सॉफ्टवेअर या प्रतीच नाहीशा करतात. आकडा सुधारतो, पण पुढच्याच क्षणी तीच माहिती संथ डिस्कवरून आणावी लागते. विंडोजमध्ये एकाच नावाखाली अनेक सेवा चालतात, त्यामुळे प्रणालीची वाटणारी प्रक्रिया प्रत्यक्षात बाहेरच्या सॉफ्टवेअरचे काम करीत असू शकते. नवी आवृत्ती बसविल्यानंतर फाइलींची सूची पुन्हा तयार होत असते; काही तासांनी ही मंदगती आपोआप जाते. काही मंदगती जाणूनबुजून पत्करलेली असते. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांच्या रचनेतील मेल्टडाउन व स्पेक्टर हे दोष उघड झाल्यावर दिलेल्या दुरुस्त्यांमुळे काही कामांचा वेग घटला, पण तो सुरक्षिततेचा मोबदला होता.

वापराच्या काळाबरोबर मंदगती वाढत जाऊन संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीशी होत असेल, तर घेतलेली स्मृती परत न करणारी एखादी आज्ञावली हे बहुधा कारण असते. काहीही चालू नसताना प्रोसेसर सतत व्यग्र राहिला, तर दुसऱ्याच्या लाभासाठी आभासी चलन निर्माण करणाऱ्या छुप्या आज्ञावलीचाही विचार करावा लागतो. याउलट धूळ साचून प्रोसेसर तापल्यास तो स्वतःच वेग कमी करतो, तर निकामी होऊ लागलेली डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचू पाहते. बाहेरची सर्व सॉफ्टवेअर बंद करूनही मंदगती टिकून राहिली, तर यंत्राच्या या दोषांकडे वळावे. डिस्कबाबत शंका येताच इतर सर्व प्रयोग थांबवून प्रथम माहितीची प्रत काढून घेणे इष्ट ठरते.

उपाय : कारण निश्चित झाल्यावर उपाय सहसा साधा असतो. सॉफ्टवेअर उपयुक्त असेल, तर केवळ त्याचे आपोआप सुरू होणे बंद करतात. निरुपयोगी असेल, तर प्रणालीच्या अधिकृत मार्गाने ते काढून टाकतात. अँटिव्हायरस भारी वाटते म्हणून संरक्षण समूळ काढणे अयोग्य होय. दोन असल्यास एक ठेवणे पुरेसे असते. कोणत्या उपायाची किती अपेक्षा ठेवावी, हे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या तत्त्वावरून कळते : एकूण काळापैकी जो भाग ५% काळ घेतो, तो समूळ नाहीसा केला, तरी ५% पेक्षा अधिक बचत होऊ शकत नाही. स्मृती अपुरी असल्याचे मोजमापांनी सिद्ध झाले असेल, तर ती वाढविणे व चुंबकीय डिस्क हाच अडथळा असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविणे हे नव्या संगणकापेक्षा पुष्कळच स्वस्त उपाय ठरतात.

रजिस्ट्री ‘साफ’ करणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रसार मोठा आहे. रजिस्ट्रीत उरलेल्या काही निरुपयोगी नोंदींमुळे वेगात जाणवण्याइतका फरक पडत नाही, मात्र चुकून आवश्यक नोंद पुसली गेल्यास प्रणाली बिघडू शकते. अशा साधनांच्या वापरास आपला पाठिंबा नसल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. चुकीच्या निदानाचा आर्थिक गैरफायदाही घेतला जातो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑफिस डेपो ही विक्रेती कंपनी व तिला सॉफ्टवेअर पुरविणारी सपोर्ट डॉट कॉम यांच्यावर असा आरोप ठेवला होता की, त्यांच्या मोफत तपासणीत सुरुवातीस विचारलेल्या चार लक्षणांपैकी (उदा., संगणक मंद झाला आहे) एकावर जरी खूण केली, तरी प्रत्यक्ष तपासणीत काहीही आढळो, घातक सॉफ्टवेअरची लक्षणे सापडल्याचा निष्कर्ष दिला जाई व त्यावरून ग्राहकांना दुरुस्तीसेवा विकली जाई. मार्च २०१९ मध्ये या दोन कंपन्यांनी अनुक्रमे २·५ कोटी व १ कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटविले. तपासणीचा निष्कर्ष कोणत्या मोजमापावर आधारलेला आहे, हे विचारणे सामान्य ग्राहकालाही शक्य असते.

व्यापक संदर्भ : सर्वच मंदगतीला एखादी दोषी आज्ञावली असते असे नाही. स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्ट (१९३४–२०२४) यांनी १९९५ मध्ये, मार्टिन रायझर यांच्या विचाराचा आधार घेऊन, असे प्रतिपादन केले की, यंत्रे जितक्या त्वरेने वेगवान होतात, त्याहून अधिक त्वरेने सॉफ्टवेअर मंद होत जाते. विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट मुख्य स्मृती लागे, तर विंडोज ११ (२०२१) ला किमान ४ गिगाबाइट, म्हणजे सु. हजारपट स्मृती लागते. या वाढीमागे चित्रे, ध्वनी, सुरक्षितता व सर्व भाषांतील लिप्यांची सोय अशी योग्य कारणेही आहेत. पण त्यामुळे जुने यंत्र न बिघडताही अपुरे पडत जाते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षा-तंत्राविषयीच्या अटींमुळे अनेक सुस्थितीतील संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. अशा संगणकांबाबत मंदगती व असुरक्षितता हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. पहिल्याचे उत्तर निदानाने मिळू शकते. दुसऱ्यासाठी लिनक्ससारख्या, अद्याप दुरुस्त्या मिळत असलेल्या प्रणालीचा अवलंब करावा लागतो किंवा असा संगणक महाजालापासून दूर ठेवावा लागतो. [⟶ आभासी स्मृती, परिचालन प्रणाली, संगणक].